वरच्या बाईचा डावा गुडघा

आमच्याकडे 'गॅप' हा शब्द फक्त स्टॅम्प पेपरवर शोभतो. एखादं वर्ष शिक्षण सुटलं की पुढच्या प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट द्यावं लागतं. म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेल्या माणसाकडून टाइप करून घ्यायचं, की या काळात मी कुठेही प्रवेश घेतला नव्हता आणि कुठलंही गैरकृत्य केलेलं नाही. त्यामुळे बीएस्सी झाल्यावर मी घरी जाहीर केलं, की मला एक गॅप इयर घ्यायचंय, तेव्हा वडिलांनी चष्मा काढून पहिला प्रश्न विचारला, "किती विषय राहिले?"

एकही राहिला नव्हता. मला फक्त एक वर्ष जर्मनीला जायचं होतं. तिथे वृद्धाश्रमात वर्षभर मदतनीस म्हणून काम करायची सोय होती. राहायला जागा आणि हातखर्चाला पैसे मिळणार होते. भाषा मी दोन वर्षं क्लास लावून शिकले होते. वडिलांना हे पटायला तीन दिवस लागले. आईला मात्र खाण्याची चिंता नव्हती की थंडीची. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं, "तितं घरी कोण येतंय का?"

हा प्रश्न कळायला आमचं घर माहीत पाहिजे. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या आहेत आणि दार थेट बोळात उघडतं. सकाळी सडा टाकायला आई ते उघडते ते झोपायच्या वेळीच लावते. दिवसा कधी लागलेलं दिसलंच, तर अर्ध्या तासात तीन माणसं कडी वाजवून "काय झालं हो? कोण गेलं का?" म्हणून विचारून जातात. कुणी विरजण न्यायला येतं, कुणी पेपर वाचायला, आणि आईच्या माहेरचं, मंगळवेढ्याचं कुणी बाजाराला आलं असेल तर परतीच्या एसटीला वेळ आहे म्हणून येतं. "येऊ का?" असं कुणी विचारत नाही आणि "का आलात?" असं आई विचारत नाही. ती चहाचं आधणच दोन कप जास्तीचं ठेवते. येणारं माणूस येतंच, अशी तिची खात्री असते, आणि ते येतंही. ज्या घरात न बोलावता माणूस येत नाही ते घर नव्हे, गोदाम आहे, असं तिचं मत आहे आणि ते बदलायची कुणाची टाप नाही.

"जा," ती शेवटी म्हणाली. "पर संक्रांतीपतोरच बघती मी. तवर तिळगूळ घ्यायला एक माणूस न बोलावता तुझ्या घरात न्हाय आलं, तर उलट्या पावली परत यायचं. माणूस नसलेल्या घरात माझी पोरगी ऱ्हाणार न्हाय."

मी हसून हो म्हणाले. सप्टेंबर होता. संक्रांतीपर्यंत एक माणूस! मला वाटलं, आठवड्यात दहा येतील.

तिथे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात माझं सगळ्या गोष्टींशी भांडण झालं. मोठं काही नव्हतं, सगळं चिल्लर. पाणी मागितलं की बुडबुड्यांचं पाणी. रात्रीच्या जेवणाला थंड पाव आणि त्यावर थंड चीज. गरम काही मागितलं तर मोठ्या प्रेमाने त्याच पावाशेजारी काकडी ठेवायचे. कचऱ्याचे चार डबे, आणि चहाचा चोथा एकात, पण चहा ज्या पिशवीतून आणला ती दुसऱ्यात. रविवारी सगळी दुकानं बंद. रविवारी रिकाम्या बाटल्यासुद्धा टाकायच्या नाहीत, कारण काच वाजते. आणि ऐन थंडीत सकाळी उठून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हवा बदलायला. खिडकी एवढी उघडणारी ही माणसं दाराच्या बाबतीत मात्र इतकी कंजूष का, हे मला कधी कळलं नाही.

कारण खरी गोम दारात होती. वृद्धाश्रमातल्या माझ्या सोबतिणीने मला कॉफीला बोलावलं. मी खूश. तिने वही काढली, पानं उलटली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार, साडेतीन ते पाच." साडेतीन ते पाच! पाच वाजता काय करायचं होतं, उठवून लावणार होती का मला? (गेले मी. कॉफी उत्तम होती. आणि पाच वाजता तिने खरोखरच माझा कोट आणून हातात दिला.)

मग मी आपल्या पद्धतीने सुरुवात करायचं ठरवलं. माझी खोली एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. एका संध्याकाळी मी वाटी घेऊन समोरच्या दारावर टकटक केलं. विरजण मागायचं हे निमित्त. खरं तर आत डोकवायचं होतं. समोरच्या तरुणाने साखळी न काढता चार बोटं दार उघडलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय झालं? आग लागली का?" मी म्हणाले, "नाही, दही हवंय थोडं." त्याने वाटीकडे एकदा पाहिलं. मग आत जाऊन दह्याचा अख्खा सीलबंद डबा घेऊन आला, साखळीच्या फटीतून तिरका करून माझ्या हातात दिला आणि "ठेवा, परत नको," असं म्हणून दार लावलं. माणूस चांगला होता, त्यात काही वाद नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळपासून माझं दार उघडं टाकलं. आपण जाऊ शकत नसू तर निदान येणाऱ्याला वाट मोकळी असावी. आत मी शेंगदाणे भाजत बसले होते. तासाभराने जिन्यात कुजबुज ऐकू आली. बघते तर खालच्या मजल्यावरचे आजोबा आणि इमारतीची देखभाल करणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभे. घरफोडी झाली की काय म्हणून आले होते. मी तोंडभर हसून म्हणाले, "या ना, बसा!" ते दोघं एक पाऊल मागे सरले. दुसऱ्या दिवशी जिन्यात कागद लागला: दारं बंद ठेवावीत, घरातली उष्णता बाहेर जाते. मी तो कागद दोनदा वाचला. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दार उघडं ठेवतात ते उष्णता बाहेर जावी म्हणूनच. इथे उष्णता जाऊ नये म्हणून माणसं बाहेर ठेवायची!

तरी आजोबा एकदा आले माझ्याकडे. एका रविवारी मी आईने बॅगेत कोंबलेला लोखंडी खलबत्ता काढून शेंगाची चटणी कुटत होते. दारावर टकटक. उघडलं तर हे उभे, आणि रविवारी ठोकाठोकी करायची नसते हे मला समजावून सांगताहेत. मला इतका आनंद झाला की मी नुसती मान डोलवत त्यांच्याकडे बघत होते. माझ्या घरी माणूस आलं होतं, न बोलावता! मी त्यांच्या हातावर चमचाभर चटणी ठेवली. त्यांनी ती चाटली, लाल झाले, खोकले आणि गेले. पुढच्या रविवारी मी मुद्दाम पुन्हा कुटलं. ते आले नाहीत, दाराखालून चिठ्ठी आली.

आता दर रविवारी आईचा फोन असायचा आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला. कशी आहेस नाही, काय खाल्लंस नाही. "आज कोण आलतं गं?"

पहिला महिना मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. मग एका रविवारी तिचा आवाज पडलेला वाटला. "कोणच न्हाय व्हय अजून?" ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आली होती की. वरच्या मजल्यावरची बाई."

वरच्या मजल्यावर एक बाई राहते एवढंच मला ठाऊक होतं, तेही तिच्या पावलांच्या आवाजावरून. पण आईला एवढ्याने थोडंच भागतं?

"केवढी हाय?"

"असेल साठीची."

"चा केलास का न्हाय? किती येळ बसली? काय म्हणत होती?"

"गुडघा दुखतो म्हणत होती."

का गुडघा, देव जाणे. आमच्या घरी येणाऱ्या साठीच्या सगळ्या बायकांचा गुडघाच दुखतो, म्हणून असेल. पण एकदा गुडघा दिल्यावर बाई चालायलाच लागली. दर रविवारी ती माझ्याकडे येऊ लागली. तिला आल्याचा चहा आवडायला लागला. तिचा मुलगा लांबच्या गावी असतो आणि फोन करत नाही, हे ऐकून आई आठवडाभर त्या मुलावर चिडून होती. "डावा का उजवा?" तिने एकदा विचारलं. मी डावा म्हणाले. मग तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कडवून लावायचं औषध आलं, आणि पुढच्या रविवारी "लावलं का तिनं? फरक हाय का?" हे आलं. मी म्हणाले, थोडा आहे. आई इतकी खूश झाली की मला माझीच लाज वाटली. पण ती पडलेल्या आवाजात बोलत नव्हती, आणि मला परत जायचं नव्हतं. एवढ्या-तेवढ्या कुरबुरी सोडल्या तर मला ते गाव, ते काम, त्या वृद्धाश्रमातल्या चिडक्या म्हाताऱ्या मनापासून आवडायला लागल्या होत्या. संक्रांत जवळ येत होती आणि खोट्याला पाय फुटले होते, तेही दुखऱ्या गुडघ्यासकट.

जानेवारीच्या सुरुवातीला पार्सल आलं. शेंगाची चटणी, कापडात बांधलेल्या कडक भाकरी, तिळगूळ. आणि तळाशी एक नवीकोरी सोलापुरी चादर, लाल-काळी, मोरांची. तिच्यावर आईच्या हातची चिठ्ठी: 'वरच्या ताईंना. गुडघ्यावर टाका. उबदार आहे.' संध्याकाळी आईचा फोन. "संक्रांतीनंतरच्या रविवारी आपलं हळदीकुंकू हाय. सगळ्या बायका असत्यात. तवा फोनवर दाव की तिला. तिळगूळ घेताना बघू दे."

मी चादर मांडीवर घेऊन रडायला लागले. मग रडता रडता मला हसू यायला लागलं. मग तोंड धुतलं, चादर उचलली आणि वर जाऊन बेल वाजवली. दुसरं करण्यासारखं होतं काय?

दार उघडलं ते उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या बाईने. तिच्या मागे भिंतीला डोंगर चढायच्या काठ्या टेकवलेल्या होत्या. एवढे ठणठणीत गुडघे मी सोलापुरात विशीतल्या मुलींचेही पाहिलेले नाहीत. मी दारातच सगळं ओकून टाकलं: आईची अट, रविवार, चहा, फोन न करणारा मुलगा, लसणाचं तेल, संक्रांतीनंतरच्या रविवारचं हळदीकुंकू. माझं जर्मन व्याकरण जिन्यावरून गडगडत गेलं असेल, पण तिला सगळं कळलं. ती हसली नाही. चष्मा लावून तिने वही आणली.

"किती रविवार आले मी?" तिने विचारलं.

"नऊ."

"आणि गुडघा कोणता?"

"डावा."

तिने तेही लिहून घेतलं. "ठीक आहे. त्या रविवारी चार वाजता मला जमेल."

"नाही, नाही," मी म्हणाले. "वेळ ठरवून नाही यायचं. न सांगता यायचं असतं. नाहीतर ते येणं धरत नाहीत."

ती पहिल्यांदाच गोंधळली. "न सांगता? मग तुम्ही घरी आहात हे मला कसं कळणार?"

"दार उघडं असेल ना."

"पण उष्णता?" ती म्हणाली.

"जाऊ दे गेली तर."

तिने वही मिटली. उघड्या दारातून, न सांगता, कुणाच्या घरात शिरायचं, हे तिला डोंगर चढण्यापेक्षा अवघड वाटत असावं. "मला वचन देता येणार नाही," ती म्हणाली. "हे मी कधी केलेलं नाही." चादर मात्र तिने दोन्ही हातांनी घेतली आणि मोरांवरून हात फिरवला.

तो रविवार उजाडला. बाहेर बर्फ होतं. मी आल्याचा चहा ठेवला, तिळगुळाची वाटी काढली, कोट घातला आणि दार सताड उघडलं. आईचा फोन अडीचलाच आला. तिकडे दिवेलागण होऊन गेली होती. आमच्या बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीने बसलेल्या, कुणी गजरा माळतंय, कुणी वाणाची वाटी उलटीपालटी करून बघतंय, आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. "कुटं हाय ती?" चार-पाच आवाज एकदम आले.

"येईल," मी म्हणाले. दाराकडे पाहिलं. जिना रिकामा होता. अशी दहा मिनिटं गेली. बायका मला बघायला फोनमध्ये वाकत होत्या, "वाळली गं पोरगी" म्हणत होत्या, आणि आई सगळ्यांना सांगत होती, "गुडघा दुखतो की तिचा, हळूहळू येणार."

तेवढ्याने माझा धीर सुटला. "आई, फोन घेऊन जरा बाहेर ये," मी म्हणाले. ती उंबऱ्यावर येऊन बसली. मागे आमचा बोळ, कुणाची तरी स्कूटर, दिव्याचा पिवळा उजेड.

"आई, ती कधी आलीच नव्हती. मी खोटं सांगितलं सगळं."

आईने फोन तोंडाजवळ आणला. मग ती हळू म्हणाली, "म्हंजी चार म्हयने तुझ्या घरात कोणच न्हाय आलं?"

"नाही."

"अन् रविवारी चा करायचीस म्हणत होतीस ते?"

"ते खरं होतं. दोन कप करायचे. एक गार व्हायचा."

तिने पदर तोंडाला लावला. आता ती 'परत ये' म्हणणार, आणि मी 'येते' म्हणणार, हे आम्हा दोघींनाही कळून चुकलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि माझ्या जिन्यात आवाज झाला.

ठक. मग पाय ओढल्याचा आवाज. मग पुन्हा ठक.

वरची बाई दारात उभी होती. एका हातात डोंगराची काठी, खांद्यावर मोरांची चादर. कुठलीही वेळ ठरली नव्हती. तीन वाजायला पंधरा मिनिटं कमी होती. त्या गावात ही विश्रांतीची वेळ, या वेळी कुणी सख्ख्या भावाची बेलही वाजवत नाही. तिचा चेहरा लालभडक झाला होता. तिने डोळे मिटल्यासारखं करून उंबरा ओलांडला आणि डावा पाय इतक्या निष्ठेने ओढत खुर्चीपर्यंत आली, की क्षणभर मलाच तिची दया आली.

"डावाच ना?" तिने कुजबुजत विचारलं.

माझ्या हातातला फोन तिच्याकडेच वळलेला होता. त्यातून आईचा आवाज फुटला, "अगं, आली की! समोर आली की ही! अन् न्हाय म्हणतीस व्हय गं? खोटं कशापायी सांगतीस आईला?" मग आत वळून, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं, "ए बायांनो, या गं! आली ती! केवढी लंगडतीया बिचारी!"

खरं सांगितलं होतं, तेच खोटं ठरलं. उंबऱ्यावर पंधरा बायका गोळा झाल्या. आई मराठीतून, जोरजोरात, ठासून सांगत होती की तेल रोज लावायचं, चुकवायचं नाही, आणि बाई जर्मनमधून, तितक्याच गंभीरपणे, चादर फार सुंदर असल्याचं सांगत होती. मी मध्ये अर्थ सांगायला गेले तर दोघींपैकी एकीनेही मला विचारलं नाही. मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने तो खाल्ला आणि आणखी एक मागितला. चहाचे दोन कप भरले. त्या दिवशी एकही गार झाला नाही.

दार अजून उघडंच होतं. बाईने येताना ते लावलं नव्हतं; मी सांगितलं होतं म्हणून, पण तिची नजर सारखी तिकडे जात होती. जिन्यातला गारठा आत येत होता. तिने चादर छातीशी ओढून घेतली.

आईने ते फोनमधून पाहिलं. जन्मात दिवसा दार न लावलेली माझी आई, स्वतःच्या उघड्या उंबऱ्यावर बसून, माझ्यावर ओरडली.

"दार लाव की आता! यायचं माणूस आलंय न्हवं का?"

मी उठले आणि दार लावलं.